अंगणातला लंगडा नर

व्हरमाँटमधल्या त्या गावातल्या दुकानात टर्की पक्ष्याच्या शिकारीच्या परवान्याची रांग होती. रांगेत उभ्या मार्सीच्या पुढे दोन म्हातारे होते.

"ऑर्विल, लेका, तुला रानात तंगडतोड कशाला? तुझ्या अंगणात रोज सतरा टर्क्या येतात की!"

"दाणे टाकून बोलावलेल्यांवर बंदूक चालवायची नसते, ड्वाइट. कायदा आहे."

"मग दाणे बंद कर."

"माझी थेल्मा टाकायची. ती वारली, तर दुसऱ्या सकाळी सगळ्या खिडकीशी येऊन टकामका बघायला लागल्या."

"निदान तो लंगडा नर तरी मार."

"तो? सगळ्यांचं खाऊन झालं की कुरकुरत येतो. थेल्मानं त्याला नाव दिलंय."

"काय?"

"ऑर्विल."

तेवढ्यात काउंटरवरच्या बाईनं विचारलं, "परवाना ना?"

"मका दे गं. मोठी गोणी."