हेवीचं लायसन

मी मूळची काळाचौकीची. म्हणजे गाव म्हणाल तर कणकवलीच्या बाजूला, पण जन्म इथला, शाळा इथली, आणि लग्न करून गेली ती पण कुठे, तर दोन चाळी सोडून तिसऱ्या चाळीत, म्हणजे माझी आई गॅलरीतनं ओरडली तर माझ्या सासूला ऐकू जायचं आणि सासू ओरडली तर सगळ्या काळाचौकीला. वडील गिरणीत फिटर होते, नंतर घरीच पंखे, मिक्सर, शिलाई मशीन असलं काय काय दुरुस्त करायचे, आणि मी त्यांच्या बाजूला उकिडवी बसून विचारायची, हे चाक फिरतं तर ते का फिरतं, आणि हे काढलं तर काय होईल. ते चिडायचे नाय. बोलायचे, काढून बघ. आई मात्र कावायची, गो बाय, चेडवाच्या जातीक इतक्यो चौकश्यो बऱ्यो नाय, म्हणजे पोरीच्या जातीने एवढं विचारू नये. पण काय सांगू तुम्हाला, ती खोड काय गेली नाय माझी, आता पंचेचाळिशी आली तरी नाय.

आमचे मिस्टर ट्रकवाले. स्वतःची गाडी, सहा चाकी, दारूखान्याच्या लोखंडबाजारातनं लोखंड भरायचं आणि भिवंडीला नायतर तळोज्याला खाली करायचं, हाच धंदा. आधी दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर होते, मग ड्रायव्हर झाले, मग स्वतःची घेतली, तिच्या काचेवर वरती आमच्या मुलीचं नाव आहे, श्रद्धा, मोठ्या अक्षरात. रविवारी घरात या माणसाने कधी झाडू हातात घेतला नाय, पण गाडी धुवायची झाली तर स्वतः धुणार, क्लीनरला पण हात लावू देणार नाय. मी पण काय घरी बसून नव्हती हां. श्रद्धा शाळेत जायला लागली तेव्हा मी व्हॅन शिकली, लालबाग-परळची पोरं दादरच्या शाळेत सोडायची आणि आणायची, कितीतरी वर्षं केलं ते काम, पोरं मोठी होऊन आता भेटली की व्हॅनवाली मावशी म्हणून पाया पडतात.

तर झालं काय, ह्यांचं लायसन रिन्यू करायचं होतं. मालाच्या मोठ्या गाडीचं, म्हणजे हेवीचं लायसन असलं की डॉक्टरचा दाखला लागतो, डोळे, कान, सगळं तपासतात. मी सोबत गेली होती, तिथून पुढे माझ्या भावाकडे जायचं होतं म्हणून. डॉक्टर तरुण होते, बोलले, काका, समोर बघा माझ्या नाकाकडे, आणि मी बोट बाजूने पुढे आणतो, दिसलं की सांगा. आणि डॉक्टरांनी बोट डावीकडून पुढे आणलं, मी मागे खुर्चीवर बसलेली, मला दिसतंय बोट, आणि हे गप्प. बोट पुढे येतंय, येतंय, अगदी गालाजवळ आलं, तरी हे गप्प. म्हणजे इतके दिवस डावीकडचा आरसा कुठे कुठे घासायचा आणि हे रिक्षावाल्यांना शिव्या घालायचे, ते असं होतं.

काचबिंदू निघाला. डावीकडची नजर गेली ती गेली, ती काय परत येत नाय, औषध घातलं तर उरलेली टिकेल. ट्रकचं लायसन नाय भेटणार. तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, घरी आला, पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपला, आणि मी चहा ठेवला तो तसाच गार झाला.

बदली ड्रायव्हर ठेवून बघितले. पण कसले टिकतात, हे डावीकडे बसणार आणि पूर्ण रस्ता त्याच्या नावाने बोंब मारणार, अरे क्लच सोड, अरे तिला त्रास होतोय, अरे तू गाडी चालवतोस की म्हैस हाकतोस. एक तर शिवडीच्या सिग्नलला गाडी उभी करून चावी ह्यांच्या मांडीवर टाकून चालत निघून गेला, बोलला, काका, तूच चालव. मग ह्यांनी जाहीर केलं, दिवाळीनंतर गाडी विकायची. जेवताना बोलले, भाताकडे बघत. मला रडू आलं हो. गाडीचं नाय, मला त्या माणसाचं रडू आलं, की गाडी गेली तर हा दिवसभर करणार काय, भिंतीकडे बघणार? मी बोलली, मी शिकते. दिवाळीपर्यंत थांबा. तर हसले. महिनाभर हसला नव्हता माणूस, तो खो खो हसला. सासूने पदर तोंडाला लावला, गो, तू आता ट्रक चालवतलंस? मी बोलली, चालवतलंय.

आता मला वाटलेलं काय, की व्हॅन येते म्हणजे ट्रक पण येणार, मोठा असेल इतकंच. तर तसं नाय. हलक्या गाडीचं लायसन वर्षभर तरी हातात पायजे, ते होतं माझ्याकडे. मग परत शिकाऊ लायसन, परत डॉक्टरचा दाखला, आणि मग सरकारने मान्य केलेल्या शाळेत जाऊन शिकायचं, त्यांनी शिक्का मारून दिलं की मगच टेस्ट. वडाळ्याला अशी एक शाळा आहे, तिथे कदम मास्तर. पांढरी मिशी, टोपी, आणि आवाज असा की ट्रकचा हॉर्न लाजेल. पहिल्याच दिवशी मला बघून बोलले, ताई, मुलाला सोडायला आलात का? मी बोलली, मी स्वतःला सोडायला आली.

आणि काय सांगू तुम्हाला, इतकी मजा आली मला तिथे! आधी वर्गात बसवतात. बाकीची सगळी तरणी पोरं, ती मागे मोबाईल बघत, आणि मी पुढच्या बाकावर. मास्तर बोलले, मोठ्या गाडीचा ब्रेक हवेवर चालतो. मी हात वर केला. हवेवर म्हणजे हवा ब्रेक लावते की सोडते? ते बोलले, पायाचा ब्रेक हवा लावते. मग उभ्या गाडीचा? तर तो उलटा, तो स्प्रिंगने आवळलेलाच असतो आणि हवा त्याला उघडून धरते. मग हवाच गेली तर? तर स्प्रिंग परत आवळते आणि गाडी जागच्या जागी जाम. अहो, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! म्हणजे सकाळी हे गाडी चालू करून चहा संपेपर्यंत नुसते उभे राहायचे, मला वाटायचं डिझेल जाळतायत फुकट, भांडलेली पण मी त्यावरनं कितीदा, आणि ते हवा भरायची वाट बघत असायचे. सांगितलं का कधी? नाय. वाटलं असेल, हिला नाय कळणार. मी एवढं विचारलं, मग अजून विचारलं, मग मास्तर टोपी काढून बोलले, बाई, तुम्ही ट्रक चालवायला आलात की खोलायला?

पण एक गोष्ट त्यांनी शिकवली ती मी जन्मात विसरणार नाय. मला वरती ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, इंजिन बंद, आणि बोलले, मी गाडीभोवती चालतो, दिसेनासा झालो की हॉर्न मारा, परत दिसलो की परत मारा. मी बोलली, एवढा मोठा माणूस कसा नाय दिसणार. आणि मास्तर चालले, लाल टोपी घातलेली मुद्दाम, आणि डाव्या दरवाज्याच्या खाली आले आणि गायब. मी आरसे बघते, मान वाकडी करते, माणूसच नाय. पुढे बंपरला चिकटून गेले तर पुन्हा गायब. मागे तर विचारूच नका. म्हणजे गाडीला चारी बाजूंनी अशा जागा असतात की तिथे अख्खा माणूस मावतो आणि ड्रायव्हरला पत्ता नाय. मी वरती बसून विचार करत राहिली, म्हणजे गाडीला पण काचबिंदू आहे. आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ह्यांना कसं वाटत असेल. त्यांना काळोख दिसत नाय हो, त्यांना वाटतं सगळं दिसतंय, आणि बाजूचा माणूस गायब असतो. त्यांचा काय दोष?

घरी येऊन शिकलेलं बोलायची तर आमची जुंपायची. हे उतारावर गाडी न्यूट्रल करायचे, डिझेल वाचतं म्हणून. मी बोलली, मास्तर सांगतात उतारावर खालच्या गिअरमध्येच यायचं, सारखा ब्रेक दाबला तर ब्रेक तापतात आणि हवा पण उतरते. हे बोलले, तुझ्या मास्तरने लोखंड भरून भिवंडी बघितलीय का? मी बोलली, तुमच्यासारखेच बघून आलेत, मग मास्तर झालेत. श्रद्धा अभ्यास करत होती, ती बोलली, आई-बाबा, तुम्ही आधी कधी एवढं बोलायचात का एकमेकांशी? ते पण खरंच होतं. पण गाडीला मला हात लावू देत नव्हते. लायसन आण, मग बघू. आणि एका शेठला गाडी दाखवून पण आले मला न सांगता, ते मला क्लीनरने सांगितलं.

टेस्टच्या दिवशी माझ्यासोबत आले. मी बोलली नको, तरी आले. मैदानात खांब लावलेले असतात, त्यातनं गाडी रिव्हर्स घ्यायची, कोणी मागे उभं राहून सांगायचं नाय, फक्त आरसे आणि तुम्ही. आता तुम्हाला एक सांगते, ट्रकवाल्यांची एक रीत असते. रिव्हर्सला मागे क्लीनर उभा राहतो, आणि गाडीच्या पत्र्यावर हाताने थाप मारतो, दोन थापा म्हणजे येऊ दे, एक जोरात म्हणजे थांब. क्लीनर सुट्टीवर असला की हे काम मी केलेलं, आणि हे व्हॅन लावायला मला तसंच मागनं सांगायचे. कानात बसलेलं ते. तर मी गाडी मागे घेतेय, आरशात खांब बरोबर दिसतोय, सगळं सरळ, आणि कुठून तरी पत्र्यावर धाडकन एक थाप. झालं! पाय गेला ब्रेकवर, क्लच दाबायचा राहिला, गाडी धक्का खाऊन बंद. बघते तर कुंपणाला उभ्या एका ट्रकच्या बाजूला आमचे मिस्टर, हात अजून पत्र्यावर.

टेस्ट घेणारे आरटीओचे साहेब बोलले, बाहेरून मदत घेतलीत, नापास, पुढच्या आठवड्यात या. मी बोलली, साहेब, मदत कसली, घात केला माझा! पोरं हसली सगळी. मी खाली उतरली ती रागाने, नवऱ्याला काय काय बोलणार होती ते तोंडात तयार होतं. आणि हे धावत आले, आणि मलाच ओरडायला लागले, अगं खांबाला लागत होती, डावीकडे बघायचं नाय का? मी बोलली, लागत नव्हती. लागत होती! मग कदम मास्तर मध्ये आले, शांतपणे ह्यांचा हात धरला आणि गाडीच्या मागे घेऊन गेले, बोलले, गाडी तिथेच उभी आहे, बघा. मी पण गेली. गाडी आणि डावा खांब यांच्यामधनं हातगाडी गेली असती, एवढी जागा. ह्यांनी मान वळवली, मग अजून वळवली, उजव्या डोळ्याने बघितलं. मग मध्ये हात घालून बघितला. बराच वेळ तो हात तसाच धरून उभे होते. माझा राग कुठे गेला मला कळलं नाय. आम्ही बसने घरी आलो, तिकीट पण मीच काढलं.

घरी आल्यावर बोलले, पुढच्या वेळी मी येत नाय. मी बोलली, यायचंच. चहाच्या टपरीवर बसा, मैदानाकडे पाठ करून. आले. पाठ करून बसले, टपरीवाला मला नंतर सांगत होता, काका चार चहा प्यायले आणि एकदा पण वळले नाय, फक्त विचारत होते, इंजिन चालू आहे ना, बंद नाय ना पडलं. मी पास झाली. साहेबांनी हात मिळवला. मी टपरीवर जाऊन मागनं बोलली, अहो, झालं. तर माणसाने ग्लास खाली ठेवला आणि डोळे पुसले, आणि बोलले, तुझ्या मास्तरला पेढे नेऊन दे.

मग आला पहिला फेरा. दारूखान्यात लोखंड भरलं, हमाल लोक काम सोडून बघत उभे, भाभी चलायेगी, भाभी चलायेगी, आणि मी वरती चढली, आरसे माझ्या उंचीला लावून घेतले. हे डावीकडे बसले. तोंड बंद ठेवायचं असं ठरलेलं, पण पाय कसा गप्प बसेल, मी ब्रेक दाबायच्या आधी ह्यांचा पाय खाली दाबायचा, तिथे काय आहे, नुसता पत्रा. वडाळ्यापर्यंत पत्रा दाबत होते. सायनला बोलले, गिअर टाक. मी बोलली, टाकला. बोलले, बरं. घाटकोपरला काय बोलले नाय, विक्रोळीला नाय. मला वाटलं रुसले की काय. ठाण्याच्या अलीकडे ट्राफिक लागलं म्हणून मी डावा आरसा बघायला मान वळवली.

झोपलेले. तोंड उघडं, डोकं खिडकीला टेकलेलं, हात मांडीवर पडलेले. तुम्हाला नाय कळणार याची किंमत, ट्रकवाल्याच्या बायकोलाच कळेल. बदली ड्रायव्हर असताना या माणसाने एकदा पापणी मिटली नव्हती, बारा-बारा तास टक्क जागा बसायचा. मी गाडी इतकी हळू चालवली त्या दिवशी, की भिवंडीला पोचायला उशीर झाला आणि मागचे सगळे हॉर्न मारून थकले. मारू देत. शेठला ह्यांनी त्याच संध्याकाळी फोन केला, गाडी विकायची नाय, मालकीण चालवते. आता रोज जातो आम्ही दोघं. आणि रोज सायन ओलांडलं की झोपतात, घोरतात मेले, इंजिनच्या वरती आवाज. झोपू देत हो. खूप जागलाय तो माणूस.