रापणीचा वाटा

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, अपरान्त विद्यापीठाचे माननीय कुलगुरू महोदय. व्यासपीठाची शोभा वाढवणारे, डिजिटल पुरालेख समितीचे अध्यक्ष डॉ. दीपक नेवरेकर, प्राध्यापक बंधुभगिनींनो, ग्रंथालयातल्या माझ्या सहकाऱ्यांनो, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि पंख्याखाली जागा न मिळाल्यामुळे शेवटच्या रांगेत पदराने वारा घेत बसलेल्या, नाटे गावाजवळच्या वाडीतून एसटीने आलेल्या रापण संघाच्या अध्यक्षा राहीताई कोठारकर आणि मंडळी, तुम्हां सर्वांना ग्रंथपाल सानिका मयेकरचा नमस्कार.

राहीताईंचं नाव पत्रिकेत नव्हतं, महोदय. त्यांना मी बोलावलंय. निरोप माझा आहे, तेव्हा चार पाहुणे माझेही असू देत.

आत्ता माझ्याबद्दल बरंच चांगलं बोललं गेलं. मी मितभाषी आहे, असंही कोणी तरी म्हणालं. मी मांडवीची हो! मांडवीच्या बाईला मितभाषी म्हणणारा माणूस एक तर बहिरा असणार, नाही तर त्याला भाषण कोणी तरी लिहून दिलेलं असणार. डॉ. नेवरेकर म्हणाले की आपला डिजिटल पुरालेख ही माझी देणगी आहे, विद्यापीठाचा वारसा मी जगासाठी खुला केला. सर, तुमच्या मागे फ्लेक्स लावलाय ना, त्यावरही तेच आहे. 'ज्ञान सर्वांसाठी.' अक्षरं छान आहेत. पण आता मला विचारू द्या, सर्वांसाठी म्हणजे नक्की कोणासाठी?

थोडं मागे जाते. रागावून उगाच बोलत्ये असं वाटायला नको.

कैलासवासी प्रा. महिपत आंबेरकर सर आपल्या विद्यापीठाचे पहिले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी नाटे गावाजवळच्या त्या वाडीतल्या रापणीवर संशोधन केलं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, हे इथल्यांना सांगायला नको; पण खुर्चीत बसून बसून काही जण विसरलेत, म्हणून सांगते. अख्खी वाडी दोरीला लागते. आणि नियम असा, की दोरीला ज्याने हात लावला, त्याला वाटा. उशिरा आला, वाटा. म्हातारा आहे, ओढवत नाही, नुसता हात ठेवून उभा राहिला, तरी वाटा. आंबेरकर सर तिथे राहिले, दोरी ओढली, वाट्याला आलेली तारली मासळी खाल्ली. फोटो काढले, पुळणीचा, म्हणजे तिथल्या वाळूच्या किनाऱ्याचा, नकाशा केला, म्हाताऱ्यांचं बोलणं टेप केलं, छोटी फिल्मही घेतली. गावाने काही लपवलं नाही.

सर गेल्यावर ते सगळं खोक्यांत पडून होतं. वाळवीने सुरुवात केली होती. आम्ही ते स्कॅन करायला घेतलं तेव्हा फोटोतली माणसं कोण, जागा कुठली, काही कळेना. मी वाडीत निरोप धाडला. बायका आल्या. मासळीचा बाजार बुडवून आल्या. आमच्या वाचनकक्षात बसून, हे माझे मामंजी, ही कमळा आत्या, हे सुरूचं झाड आता नाही, असं सांगत गेल्या नि आम्ही लिहीत गेलो. तुमच्या त्या पुरालेखात प्रत्येक फोटोखाली माणसाचं नाव दिसतं, ते या बायकांमुळे. मी त्यांना शब्द दिला होता, की हे तुम्हांला तुमच्या घरी बसून, तुमच्या मोबाइलवर बघता येईल.

मग उद्घाटन झालं. उत्साह एवढा, की नारळ थेट स्कॅनरवर वाढवला गेला! पाणी आत गेलं, स्कॅनर पावसाळाभर आजारी पडला. हसा, हसा. त्या नारळाचं मला दुःख नाही. भक्तिभावाने केलेली चूक होती. पुढे जे झालं, ते मात्र भक्तिभावाने झालेलं नाही.

समितीने ठरवलं, की पुरालेख फक्त विद्यापीठाच्या आवारात, विद्यापीठाच्या पासवर्डनेच उघडेल. का? तर संशोधनाची चोरी होईल. चोरी! ज्यांच्या अंगणातून आणलं, तेच चोर? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच! मूल्यांकन समिती आली, की कुलूप दोन दिवस उघडायचं, 'खुला पुरालेख' म्हणून गुण घ्यायचे, ते गेले की पुन्हा लावायचं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, सर. मान खाली घालू नका, इथे सगळे आपलेच आहेत.

आणि मग एक दिवस राहीताई ग्रंथालयात आल्या. वाडीच्या पुळणीला लागून एका कंपनीला हॉटेल बांधायचंय. कंपनीला पुळणीवर भिंत घालायची आहे. भिंत झाली, की रापण ओढायला जागाच उरत नाही. कंपनी म्हणते, इथे रापण कधी ओढलीच जात नव्हती, हे लोक आता उठून सांगतायत. येत्या सोमवारी सुनावणी आहे. वाडीकडे पुरावा मागितलाय. पुरावा कुठे आहे? आपल्याकडे! फोटो आहेत, नकाशा आहे, फिल्म आहे. आणि राहीताईंना आम्ही काय दिलं? अर्ज करायला सांगितलं. त्यांनी केला. 'विषय समितीपुढे ठेवण्यात येईल' असं उत्तर आलं. समितीची बैठक कधी? तर अध्यक्षांना वेळ होईल तेव्हा.

राहीताई माझ्या टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "बाये, आमचेच फोटू आणि आमकाच बंदी? ह्यो खयचो न्याय?" मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा संताप जास्त आला. अहो, त्या वाडीत लंगडा म्हातारासुद्धा वाट्याशिवाय घरी जात नाही, आणि आपण इतके शिकलेले लोक, त्यांच्याच श्रमावर डॉक्टर झालेले लोक, त्यांना रिकाम्या टोपलीने परत पाठवतो? कसला वारसा नि कसलं काय!

मी गप्प बसले नाही. विद्वत्‌परिषदेचा ठराव काढून वाचला. त्यात पुरालेख जनतेसाठी खुला राहील असंच आहे, आणि तो ठराव आजही कायम आहे. मग मी कुलूप लावण्याचा लेखी आदेश मागितला. एकदा नाही, तीनदा. तोंडी सगळे सांगत होते, सही करायला कोणी तयार नव्हतं. बरोबर ना, नेवरेकर सर?

तर ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? लेखी आदेश नाही, ठराव आहे, आणि आज संध्याकाळपर्यंत ग्रंथपाल मी आहे. सभागृहात येण्याआधी मी पासवर्डही काढला आणि आवाराची अटही. पुरालेख उघडा आहे. कुठूनही, कोणालाही. बंद करायचा असेल, तर आता कोणाला तरी स्वतःच्या नावाने सही करावी लागेल.

बसा, सर, बसा. माझं संपत आलंय.

राहीताई, मघाशी दारात आमच्या ग्रंथालयातल्या चिरागने तुमच्या मोबाइलवर काही उघडून दिलं ना? दिसतंय का? मोठ्याने सांगा, इथे ऐकू येत नाहीये. माइक द्या रे त्यांना कोणी तरी. काय म्हणता? ऐकलंत, महोदय? त्या म्हणतायत, "दिसता! देवळाच्या मागची पुळण हा ही. रापण ओढतत. आणि पुढे माझो बापूस उभो हा."

महोदय, ही त्यांची पुळण, हा त्यांचा बाप आणि हा तुमचा पुरालेख. सोमवारी त्या हे घेऊन सुनावणीला जाणार आहेत. विद्यापीठातर्फे सोबत कोणी आलं, तर बरं दिसेल. नाही आलं, तर मी जाणारच आहे. मला आता रजेचा अर्ज द्यावा लागत नाही.

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलंत, सहकाऱ्यांनी इतकी वर्षं माझा तोंडाळपणा सोसला, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. रागाच्या भरात एखाद्याला शब्द लागला असेल, वडीलधाऱ्यांचा मान राखायला कमी पडले असेन, तर पोटात घाला. बोलण्याबद्दल क्षमा मागते. कुलूप काढल्याबद्दल मागत नाही.

नमस्कार.