दहा मीटरची जाळी

—नाही, सही करणार नाही, पावेल निकितिच. चहा प्या, निवतोय, आणि ती सुश्की बुडवून खा, बिस्किटाची कडीच ती, कडक असते. वनखात्याचा शिक्का मारून कागद आणलात, धुरातून मॉस्कोपर्यंत गाडी हाकलीत, सगळं मान्य — पण हिशेबाची जाळी केवढी घेतलीय? तळाशी वाचा, बारीक अक्षरात आहे. दहा मीटर. गेल्या उन्हाळ्यातही दहाच होती. तुमच्याकडची पीटची जमीन, कुजलेल्या मुळापाल्याची, कोळशासारखी पेटणारी; आग तिच्या आतून धुमसत पुढे सरकते, आगीची जळती कड जेमतेम हातभर रुंद, आणि आमचा संगणक दर दहा मीटरला एक ठिपका ठेवून तिला शोधतो. सापडेल कशी? दोन ठिपक्यांच्या मधे अडकून बसते. जमिनीत नाही अडकत हो, गणितात अडकते. पायरी माणसाहून उंच बांधली तर माणूस जिन्याखालीच उभा राहणार — त्याला काय, थांबला म्हणायचं? आमच्या अर्काद्यी ल्वोविचनी म्हटलं. आग गावाबाहेर खणलेल्या चराशी थांबेल, गाव हलवू नये. याच चुकीसाठी आम्ही विद्यार्थ्यांना नापास करतो, आणि हा बाबा विभागप्रमुख.

पेन्सिलीनं निघतं ते. कड पातळ आहे हीच तर सोय — तेवढीच ताणून मोठी करायची, मागचं जळलेलं आणि पुढचं न जळलेलं तिला नीट जोडायचं, की वेग हातात येतो. दोन पानं लागली. गेल्या उन्हाळ्यातली ती आग दिवसाला तीन मीटर, पस्तिसाव्या दिवशी चराखालून पलीकडे. आणि त्या गावातली क्लावदिया येगोरोव्हना बटाटे काढायला वाफ्यात कधी उतरली? छत्तिसाव्या. वर हिरवंगार, खाली निखारे. गुडघ्यापर्यंत आत गेली बाई. हलू नका म्हणणारा तुमचा कागद तिनं चुलीशेजारी टाचून ठेवला होता.

काय? हो, आधीच काढला होता वेग. गेल्या जूनमध्येच. — असं बघू नका माझ्याकडे. त्या अर्काद्यीनं लेखातून माझं नाव गाळलं होतं, वर्षभर आमचं बोलणं नव्हतं. म्हटलं, होऊ दे फजिती, शरदात सगळ्यांसमोर फळ्यावर मांडीन. फजिती त्याची व्हायची होती, तिचा पाय नव्हता जायचा. पानं या खणातच आहेत. तो रोज या दारावरून जातो, मान वाकवून नमस्कार करतो, आणि मला त्याचाच राग येतो. माझा यायला हवा.

या कागदात ज्याला हलू नका म्हटलंय, त्या तुमच्या नव्या गावाचंही काढलंय मी. हे घ्या, शिक्का नाही, पेन्सिलच आहे. फोन खिडकीत आहे, आधी गावात लावा. एकोणीस दिवस आहेत त्यांच्याकडे — नाही, ते कालचं. अठरा. उठा आता.