सीलबंद खोकं

(नैरोबीतलं लॅपटॉपचं दुकान. गल्ल्यामागे मालकीण वांजेरी. समोर बोसिबोरी आणि तिचे काका न्यांगाऊ.)

बोसिबोरी : जुना असला तरी आतून दणकट आहे, काका. सोळा जीबी रॅम. अ‍ॅप बनवायचं म्हणजे कोड लिहिता लिहिता स्क्रीनवरच एक खोटा फोन चालवून बघायचा असतो. त्या नव्याला हे झेपायचं नाही.

काका : तेवढ्याच पैशात कोरा करकरीत मिळतोय, आणि तुला कुणाचं तरी वापरलेलं हवं.

वांजेरी : पोरीचं बरोबर आहे, साहेब. नव्यात चारच जीबी, वाढवताही येत नाही. पत्रं टाइप करायला ठीक.

काका : बरोबर असेल हो. पण पैसे माझे नाहीत. गावानं पोरीसाठी हरांबे केलंय, सगळ्यांनी मिळून वर्गणी काढलीय. कुणी केळीचा घड विकला, कुणी कोंबडी. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर खोकं फोडायचं. त्यातून जुना निघाला तर?

बोसिबोरी : मी समजावीन.

काका : चर्चच्या छपराला पत्रे आणले तेव्हा खजिनदार मोमान्यीनंही समजावलं होतं. जुने होते, पण मजबूत होते. लोक म्हणाले, खजिनदारानं मधले पैसे खाल्ले. अजून त्याच्या बाकावर कुणी बसत नाही. यंदा खजिनदार मी आहे.

बोसिबोरी : आणि सोमवारपासून कंपनीत माझी परीक्षा आहे. महिनाभर स्वतःच्या मशीनवर काम करून दाखवायचं. मशीन अडलं की मी घरी. मग हेच लोक म्हणतील, पोरीला काही येतच नव्हतं.

काका : इकडे आड, तिकडे विहीर.

वांजेरी : जुना नव्या खोक्यात घालून देऊ? सील मी लावते.

बोसिबोरी : चालेल की, काका. कुणाला कळणार?

काका : मला कळेल. दर रविवारी प्रार्थनेला उभा राहिलो की कळेल. आजवर कुणाचा शिलिंग खाल्ला नाही, आणि आता न खाताच चोर होऊ? पण तू म्हणशील तर होतो. सांग.

बोसिबोरी : माझ्यावर टाकू नका ना असं. मला राग येतोय तुमचा. ज्यांनी कोंबडी विकली त्यांचाही येतोय. येऊ नये, पण येतोय.

काका : येऊ दे.

बोसिबोरी : वांजेरीताई, नवा बांधा.

काका : सोमवारी काय करशील गं?

बोसिबोरी : सोमवारचं सोमवारी. रविवारी सगळ्यांसमोर हसायचंय, ते आधी जमवू द्या.