उभी पट्टी

(बडनेरा. ज्योत्स्नाची भाड्याची खोली. दुपारची वेळ, पलंगावर तिच्या मावसबहिणीचा, दामिनीचा लॅपटॉप उघडा.)

ज्योत्स्ना : हे पाह्य, रिझोल्यूशन केलं बराबर. आता दिसते ना सगळं?

दामिनी : दिसतंय. पण टिकत नाही ग, ताई. काल सारखं चौकोनी व्हायचं, खालची बटणंच दिसेनाशी व्हायची. आज तर आणखीनच विचित्र.

ज्योत्स्ना : आमच्या कॉलेजच्या लॅबमधी सगळे लिनक्सच हायेत. असं आपोआप नाई होत कोणाचं. तुले हे टाकून कोणी देल्लं?

दामिनी : ह्यांनी. व्हायरस लागत नाही म्हणाले. पासवर्डसुद्धा त्यांनीच ठेवला.

ज्योत्स्ना : हात पिरगाळला त्यानं तुहा, अन् अजून ‘ह्यांनी’.

दामिनी : सवय आहे. सासर वकिलांचं, तिथं मला ‘मले-तुले’सुद्धा बोलू दिलं नाही कधी.

ज्योत्स्ना : बरं, माह्याकडे हायेस हे कोणाले सांगितलं तं नाई?

दामिनी : आईलासुद्धा नाही. अकोल्यात सगळ्यांना वाटतंय, मी नागपूरला आहे. हे बघ, झालं परत. दोन्हीकडे काळं आणि मधे ही उभी पट्टी.

ज्योत्स्ना : मी तं हात बी लावला नाई. थांब, सेटिंग पाहू दे. दामिनी, हे रिमोट तू चालू केलं?

दामिनी : ते काय असतं?

ज्योत्स्ना : दुसरीकडे बसून तुहा स्क्रीन पाह्यता येते त्याच्यानं. पाह्यणाऱ्याचा स्क्रीन जसा, तसा हा आपला आकार करून घेते. बिघडलं नाई हे. कोणीतरी पाहून राहिलं.

दामिनी : ह्यांच्या टेबलावर जुना चौकोनी मॉनिटर आहे.

ज्योत्स्ना : काल काय उघडलं होतं तू?

दामिनी : काही नाही ग. नेसत्या कपड्यांनिशी निघाले, म्हणून दोन ड्रेस मागवले.

ज्योत्स्ना : अन् पत्ता?

दामिनी : टाकावाच लागतो ना. तुझं नाव, ही गल्ली, दुसरा मजला. पार्सलवाला चुकू नये म्हणून खाली पिठाची गिरणी आहे तेही लिहिलं.

ज्योत्स्ना : वायफाय काढते मी. तू भिऊ नको. दिसलं तं दिसलं, अकोल्यात बसून काय करणार हाये तो?

दामिनी : पण आजची ही पट्टी? ही कोणत्या मॉनिटरची?

ज्योत्स्ना : हा मॉनिटर नाई. मोबाईल हाये.

दामिनी : घरात ते मोबाईल बघत नाहीत. डोळे दुखतात म्हणतात. ड्रायव्हर गाडी चालवत असला, तरच बघतात.

ज्योत्स्ना : कवापासून दिसून राहिली ही पट्टी?

दामिनी : सकाळपासून.

ज्योत्स्ना : आता तं दोन वाजले, दामिनी. अकोल्याहून इथं गाडीनं दोनच तास लागते.

दामिनी : ताई, गिरणी बंद झाली का? आवाज येऊन नाई राहिला.

ज्योत्स्ना : जेवायची सुट्टी असंन. खिडकीतून पाह्यते.

दामिनी : खिडकीत नको जाऊ. तो आला असंन, गिरणीवाल्याले पत्ता विचारून राहिला असंन. दाराले कडी लाव.