हिरवे ठिपके

ती : एकदाही नाही, काका! आठ दिवस झाले, मागचं चाक एकदाही बसलं नाही. देवासारखे भेटलात तुम्ही.

मेकॅनिक : देवाकडे हवा भरायचा पंप नसतो गं पोरी. लाव स्टँडवर. बॅटरीची सायकल अंगाने जड. हवा जरा उतरली की टायर पसरतो आणि रस्त्यावरचा सगळा कचरा पोटात घेतो. दर आठवड्याला हवा बघायची म्हणजे बघायचीच.

ती : म्हणून तर आले ना! तीन आठवड्यांत पाच पंक्चर, पाच खाडे. लॅबमधल्या मोठ्या बाईंनी बजावलंय, आता एक जरी खाडा झाला तरी घरीच बस. नवी नोकरी, काका. लग्नानंतरची पहिली.

मेकॅनिक : आता कसला खाडा! आत जाड पट्टी बसवलीय, वर हिरवा चीक ओतलाय. टोचलं की चीक बाहेर येतो, भोकातच वाळतो आणि हवा तिथल्या तिथे अडते. आता तू खुशाल... अगं, थांब. चाक फिरव. हळू. अजून थोडं.

ती : काय झालं?

मेकॅनिक : हे ठिपके बघितलेस?

ती : रंग उडालाय वाटतं कुठला.

मेकॅनिक : रंग कसला? माझाच चीक आहे हा. एक, दोन... हा चार... सात. सात भोकं, पोरी. आठ दिवसांत सात.

ती : बाई गं! रस्त्याचं काम चाललंय ना आमच्याकडे. खिळेच खिळे सगळीकडे.

मेकॅनिक : रस्त्याच्या नावाने बोटं मोडू नकोस. रस्ता टायरला खालून टोचतो. ही सगळी भोकं बाजूला आहेत, रिमजवळ. तिथे रस्ता पोचतच नाही. पट्टीसुद्धा नाही. भोकं बारीक म्हणून चिकाने धरलं, नाहीतर तिथे तोही टिकत नाही.

ती : मग?

मेकॅनिक : मग काय, मग! आधीचं पंक्चर काढताना मला वाटलंच होतं, कुठेतरी पाणी मुरतंय. पण म्हटलं, आपल्याला काय करायचंय? चुकलंच माझं. पुढचं चाक कधी बसलंय का?

ती : नाही. नेहमी मागचंच.

मेकॅनिक : कारण मागच्या चाकात मोटर. ते रस्त्यात कुणाला उघडता येत नाही, तासाभराचं काम. हे ज्याला माहीत आहे, त्यानेच टोचलंय. आणि भोक बघ, कसं गोल. खिळ्याने फाटतं. हे दाभणाचं. गादी शिवायच्या दाभणाचं.

ती : दाभणाचं?

मेकॅनिक : घरी गाद्या-बिद्या शिवणारं कुणी आहे का?

ती : तो सोफे शिवतो. माझा नवरा.

मेकॅनिक : हं.

ती : नाही हो काका, काहीतरीच काय! ही सायकल त्यानेच घेऊन दिली मला. चाक बसलं की दहा मिनिटांत हजर होतो बिचारा. घरी नेतो, चहा करून देतो. म्हणतो, सोड ती नोकरी, तुझे किती हाल होतात.

मेकॅनिक : दहा मिनिटांत? कुठे बसायचं चाक?

ती : पुलाच्या उतारावर. दरवेळी. तिथवर पोचेपर्यंत हवा जायची.

मेकॅनिक : आणि त्याचं दुकान?

ती : उलट्या दिशेला. अर्ध्या तासावर.

मेकॅनिक : म्हणजे वाट बघतच बसलेला असायचा. हा शेवटचा ठिपका बघ, बोटाला लागतोय. ओला आहे अजून. आज सकाळी गाडी कुणी हाताळली?

ती : त्याने पुसून दिली. रोज पुसतो आठ दिवस. मी म्हटलं, केवढी ही माया!

मेकॅनिक : मग त्याच्या हाताला हे लागलंच असणार. पिचकारीसारखा उडतो चीक. नखांच्या कडेला बसला की चार दिवस घासलं तरी निघत नाही. माझेच हात बघ.

ती : मी त्याचे हात बघितलेच नाहीत, काका. मला भीती वाटतेय.

मेकॅनिक : वाटू दे. वाटायलाच हवी. सात वेळा टोचूनही चाक बसत नाही, हे त्याला कळलंय. चाक बसलं तर माणूस घरी परत येतो गं. तेवढंच हवं होतं त्याला. आता तो चाकाच्या नादी लागणार नाही. तुझ्या वाटेत उतार आहे आणि या सायकलीला ब्रेक आहेत.

ती : हळू बोला. आलाय तो.

(बाहेर स्कूटर थांबते.)

नवरा : अगं वेडे, इथे आहेस होय! फोन किती लावायचा माणसाने? काका, नमस्कार. कमाल केलीत हं तुम्ही. चाक काही बसायचं नाव घेत नाही.

मेकॅनिक : तुम्ही फार लक्ष ठेवून दिसता.

नवरा : ठेवावंच लागतं. एकुलती एक बायको आहे. झाली ना हवा भरून? मग चला. ब्रेकचं बघू नका, ते मी सकाळीच नीट करून ठेवलेत.

ती : तू? ब्रेक?

नवरा : जरा कडक वाटत होते. तुझा हात दुखला असता.

मेकॅनिक : एकाच हातात हातमोजा घातलाय, साहेब?

नवरा : दुसरा हरवला. चल गं, ऊन चढतंय.

ती : मोजा काढ ना जरा.

नवरा : कशाला?

ती : हात हातात घे माझा. बरं वाटत नाहीये मला.

नवरा : घरी गेल्यावर काढतो. तू हो पुढे सायकलवर, पुलावरून. मी आहेच मागे.

ती : काका, ब्रेक उघडा. मी इथेच बसते.