पलाशडांग्याचा चहा

(दुर्गापूजा नुकतीच आटोपलेली. हावड्याहून पश्चिमेकडे निघालेली गाडी, तिन्हीसांजेची वेळ. खिडकीशी मा, समोर तिचा मुलगा तमाल.)

मा : चादर म्हणे! चादरीला कुणी कापूर लावून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतं? थान आहे हे, तमाल. बिनकाठाचं, पांढरं. विधवेचं लुगडं.

तमाल : माझ्या बॅगेत हात कशाला घातलास तू?

मा : तुझी माकडटोपी शोधत होते. वारं लागलं की शिंका तुला आणि जागरण मला. कुणी घेतलं हे? सूनबाईनं?

तमाल : मीच घेतलं.

मा : आणि मला काय सांगितलंस? मा, चल, पूजेची सुट्टी आहे, हरिद्वारला गंगा बघू. अख्खी गल्ली लुची-आलूदमचे डबे बांधून फिरायला निघालीय, म्हटलं आपणही निघावं. मी बावळट!

तमाल : जाऊ ना गं हरिद्वारला. मधे फक्त एक दिवस गयेला उतरायचं. भटजींशी बोलणं झालंय. बारा वर्षं झाली, मा. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला की गवताचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. त्याची वाट मोकळी होते. शेजारच्या घोषालबाईंना तूच समजावलं होतंस हे.

मा : घोषालबाईंच्या नवऱ्याची होडी उलटताना गावानं पाहिली. तुझे बाबा काही बुडाले नाहीत. पलाशडांग्याला चहा प्यायला उतरलेत.

तमाल : उतरले होते, मा. उतरले होते! पोलीस झाले, इस्पितळं झाली, पेपरात फोटो झाला.

मा : डब्यातला चहा चालायचाच नाही त्यांना. बादलीचा वास येतो म्हणे. फलाटावर उभं राहून मातीच्या भांड्यातूनच हवा. मी इथून घसा फोडतेय, अहो, चढा, शिट्टी झाली! आणि हे आपले फुंकर मारत उभे.

तमाल : म्हणून दर पूजेला आपण हीच गाडी धरायची. लोक पुरीला जातात, दार्जिलिंगला जातात. लग्न झाल्यापासून बायकोला मी एक डोंगर दाखवला नाही. यंदा ती सरळ म्हणाली, मी नाही येणार, मला त्या स्टेशनची भीती वाटते.

मा : भीती कसली? सासऱ्याची?

तमाल : तुझी. पलाशडांगा आलं की तू काचेला कपाळ टेकतेस आणि बोलायला लागतेस. कुणाशी बोलतेस?

मा : नवऱ्याशी बोलते. चोरी आहे का? तू गयेला जा, गवताचा पुतळा जाळ, हवं तर सगळं रान जाळ. या शंखाच्या बांगड्या मी कुणाला फोडू देणार नाही. त्या हातात आहेत तोवर ते आहेत.

तमाल : मला काय बापाला जाळायची हौस आहे? मला एकदा रडायचंय, मा. बारा वर्षं तू मला रडूसुद्धा दिलं नाहीस.

मा : हळू बोल. गाडी थांबतेय. आलं पलाशडांगा.

चहावाला : चा, गरम चा! हं, धरा मा, भांडं सांभाळून. दोन आहेत. आलं घातलंय, साखर बेताची.

तमाल : आम्ही मागवला नाही दादा, पुढे जा.

चहावाला : तुम्ही नाही हो, बाबूंनी मागवलाय. म्हणाले, त्या खिडकीत द्या, मायलेक बसलेत. मुलगा चिडलेला असेल, त्याला आधी द्या.

तमाल : कोण बाबू?

चहावाला : ते काय, नळापाशी. माकडटोपीवाले.

तमाल : अर्धा फलाट माकडटोपी घालून उभा आहे! मा, तू बघू नकोस तिकडे. दुसऱ्या कुणाची खिडकी असणार.

मा : गप रे. अहो दादा, त्यांनी घेतला का चहा?

चहावाला : हातात धरलाय. पीत नाहीत. दरवेळचंच आहे ते. पूजा झाली की दिसतात, एक भांडं घेतात आणि गाडीकडे बघत राहतात. मी म्हणतो, बाबू, बाकावर टेका जरा, पाय भरून आले असतील. तर म्हणतात, बसून कसं चालेल? घरून हाक येईल, चढायचंय.

मा : म्हणजे इतकी वर्षं उभेच?

चहावाला : ते मला काय ठाऊक, मा. मी कधी बसलेले पाहिले नाहीत. दमलेत फार, एवढं दिसतं.

तमाल : मी उतरतो. मी बघतो कोण आहे ते.

मा : तमाल! खाली पाय ठेवलास तर माझी शपथ आहे.

तमाल : खरंच बाबा असले तर? सोड हात!

मा : नाही सोडणार. एक माणूस दिलाय मी या फलाटाला, दुसरा देणार नाही. बस खाली. मी बोलते.

तमाल : शिट्टी झाली, मा.

मा : अहो! ऐकलंत का? चढू नका. आता चढायचं नाही. बाकावर बसा आणि चहा घ्या सावकाश. मीच मेली हाका मारून मारून तुम्हाला उभं ठेवत होते, मला कळलंच नाही हो. आता नाही मारणार. पोरगा नीट आहे. सूनही गुणाची आहे. आमची गाडी जाऊ द्या.

तमाल : सुटली गाडी. मा, नळापाशी कुणीच नव्हतं. तुला दिसले?

मा : बसले.

तमाल : मा...

मा : रड. रड रे बाळा. मी आहे इथे. आणि तो चहा घे, आधी तुला द्यायला सांगितलाय त्यांनी.

तमाल : तुला नको असेल तर गयेला नको उतरायला. सरळ हरिद्वारला जाऊ. ते थान मी खिडकीतून टाकून देतो.

मा : चांगलं नवं कापड टाकतोस कशाला? गयेलाच उतरू. फक्त घाटावर या बांगड्या दगडानं फोडायच्या नाहीत. तुझा साबण काढ, थोडं पाणी दे. निघतील हळूहळू.